कानाच्या पडद्यामागे साचलेलं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या आजारात मूल कान धरून रडत नाही, ताप येत नाही, कान वाहत नाही. म्हणूनच तो महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. चार हाका मारल्यावर पाचव्या हाकेला ओ देणाऱ्या मुलाला आपण ‘ऐकत नाही’ म्हणून रागावतो, आणि बरेचदा त्याला खरोखरच ऐकू आलेलं नसतं. मोठ्यांनाही हा त्रास होतो, पण त्याची कारणं वेगळी असतात. ती शेवटाकडच्या एका प्रश्नात आहेत.

पाणी साचतं म्हणजे नेमकं कुठे?

कानात बोट घातलं की जी नळी लागते ती बाह्यकर्ण. ती आत पडद्यापाशी संपते. पडद्याच्या पलीकडे एक छोटीशी पोकळी आहे, तो मध्यकर्ण. तिथे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडं असतात. पडदा थरथरला की ती हलतात आणि आवाज आतल्या कानापर्यंत पोचवतात. हे नीट चालायचं तर या पोकळीत हवा हवी.

ही हवा नाकाच्या मागच्या भागातून एका अरुंद नळीने येते. १६व्या शतकातले इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी यांच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. ती एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. सर्दीमुळे, सुजेमुळे किंवा नाकामागच्या वाढलेल्या अ‍ॅडेनॉइडमुळे (टॉन्सिलसारखा मऊ मांसल गोळा) ती नीट उघडेनाशी झाली, की आतली हवा कानाच्या अस्तरात हळूहळू शोषली जाते. आतला दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून द्राव झिरपू लागतो. सुरुवातीला तो पाण्यासारखा पातळ असतो. बरेच दिवस राहिला तर डिंकासारखा चिकट होतो. इंग्रजीत याला ‘ग्लू इअर’ म्हणतात, तो याचमुळे.

आंघोळीचं किंवा पोहतानाचं पाणी आत गेल्यामुळे होतं का?

नाही. पडदा शाबूत असेल तर बाहेरचं पाणी त्याच्यापलीकडे जात नाही. हा द्राव शरीरानेच तयार केलेला असतो. डोकं वाकडं करून, कान झटकून किंवा कापसाने पुसून तो निघणार नाही.

कान दुखून पू होतो, तोच हा आजार का?

दोघं शेजारी आहेत, पण एक नाहीत. मध्यकर्णात तीव्र जंतुसंसर्ग झाला तर कान ठणकतो, ताप येतो, पडदा लाल होऊन बाहेर फुगतो, कधी फुटून पू वाहतो. नुसत्या द्रावात यातलं काही नसतं. गोंधळ होतो तो यामुळे, की संसर्ग बरा झाल्यावरही द्राव काही आठवडे मागे राहू शकतो. दुखणं थांबलं, मूल खेळायला लागलं, म्हणजे कान पूर्ण बरा झाला असं आपण धरून चालतो. संसर्गानंतर एकदा कान पुन्हा दाखवून घ्यावा, असं मी आवर्जून सांगेन.

मुलांमध्येच इतकं का दिसतं?

लहान मुलांची युस्टेशियन नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते. मोठेपणी ती लांब होते, तिरकी उतरते आणि तिचे स्नायू चांगलं काम करू लागतात. शिवाय या वयात सर्दी वारंवार होते आणि अ‍ॅडेनॉइडही मोठं असतं. सहा महिने ते चार वर्षं हा सर्वांत जास्त त्रासाचा काळ. शाळेत जाण्याच्या वयापर्यंत सुमारे ९० टक्के मुलांच्या कानात कधी ना कधी द्राव होऊन गेलेला असतो. त्यामुळे ‘माझ्याकडून काय चुकलं?’ या प्रश्नाने स्वतःला छळून घेऊ नका.

काही गोष्टी मात्र धोका वाढवतात: घरातला विडी-सिगारेटचा धूर, बाळाला सपाट झोपवून बाटलीने दूध पाजणं, पाळणाघरातली सततची सर्दी. दुभंगलेला टाळू असलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाला हा त्रास होतो, कारण नळी उघडणारे स्नायू टाळूशीच जोडलेले असतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्येही तो खूप आढळतो.

मुलाला कमी ऐकू येतंय हे ओळखायचं कसं?

सरासरी २५ डेसिबलच्या आसपास ऐकू कमी येतं. काहींना त्याहून बरंच जास्त. दोन्ही कानांत बोटं घालून शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकून बघा, साधारण तसं. समोर बसून मोठ्याने बोललेलं कळतं. पण मागून बोललेलं, गोंगाटात बोललेलं, शब्दाच्या शेवटी येणारे ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखे हलके आवाज निसटतात.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे हे कमीजास्त होत राहतं. या आठवड्यात मूल छान ऐकतं, पुढच्या आठवड्यात सर्दी झाली की पुन्हा हाका माराव्या लागतात. त्यामुळे घरातल्यांना वाटतं, ‘हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं याला.’

या खुणांकडे लक्ष द्या: सारखं ‘काय?’ म्हणणं, टीव्हीचा आवाज वाढवणं किंवा त्याच्या अगदी जवळ जाऊन बसणं, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघणं, स्वतः मोठ्याने बोलणं, वर्गात गप्प किंवा हरवल्यासारखं राहणं, शाळेतून आल्यावर थकून चिडचिड करणं. तोंडाने श्वास घेणं आणि घोरणं या अ‍ॅडेनॉइडच्या खुणाही सोबत दिसू शकतात. लहान बाळ आवाजाकडे वळत नाही, शब्द उशिरा येतात किंवा अस्पष्ट येतात. काही मुलं चालताना जास्त धडपडतात, कारण तोल सांभाळणारा भागही कानातच आहे.

घरी एक साधी गोष्ट करता येते. मूल खेळात रमलेलं असताना, त्याला दिसणार नाही अशा बेताने मागे उभं राहून हळू आवाजात त्याच्या आवडीच्या गोष्टीचं नाव घ्या. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा करून बघा. वळला नाही तर तपासणी करा. वळला म्हणून तपासणी टाळू नका. एक कान चांगला असला तरी मूल वळतं. शाळेतल्या बाईंना किंवा सरांनाही जरूर विचारा. गोंगाटात मूल कसं ऐकतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

डॉक्टर नेमकं काय तपासतात?

आधी ऑटोस्कोपने, म्हणजे दिव्याच्या छोट्या दुर्बिणीने पडदा पाहतात. निरोगी पडदा मोतिया रंगाचा आणि अर्धपारदर्शक दिसतो. मागे द्राव असेल तर तो पिवळसर, निळसर किंवा निस्तेज, आत ओढल्यासारखा दिसतो. कधी मागे हवेचे बुडबुडे किंवा पाण्याची रेघही दिसते. पण नुसत्या बघण्याने अनुभवी डोळाही चुकू शकतो. म्हणून ऑटोस्कोपला रबरी फुगा जोडून कानात हलकीशी हवा सोडतात. मागे हवा असलेला पडदा झटकन हलतो, मागे द्राव असलेला हलत नाही किंवा जेमतेम हलतो. ही तपासणी काही सेकंदांची आहे, मूल रडलंच तर त्रासापेक्षा भीतीने.

त्यानंतरची तपासणी टिंपॅनोमेट्री. कानाच्या तोंडाशी मऊ बूच बसवून यंत्र आतला दाब कमीजास्त करतं आणि पडदा किती लवचिक आहे याचा आलेख काढतं. मुलाला काही उत्तर द्यायचं नसतं, फक्त थोडा वेळ शांत बसायचं असतं. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाचा कान फार मऊ असतो, म्हणून त्याच्यासाठी नेहमीच्या २२६ हर्ट्‌झऐवजी १००० हर्ट्‌झचा आवाज वापरतात. बाळ अगदी लहान असेल तर हे विचारून घ्यायला संकोच करू नका.

आणि तिसरी, मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती श्रवणचाचणी. टिंपॅनोमेट्री द्राव आहे की नाही एवढंच सांगते. मुलाला किती ऐकू येतं हे ती सांगत नाही. पुढचे सगळे निर्णय मात्र त्यावरच ठरतात. वयाप्रमाणे पद्धत बदलते: छोट्यांसाठी आवाज आला की दिव्याने उजळणारं खेळणं, तीन वर्षांच्या आसपास आवाज ऐकला की ठोकळा टाकायचा खेळ, मोठ्यांसाठी हेडफोन लावून बटण दाबणं. हाडावाटे ऐकण्याची चाचणीही केली, तर अडथळा मध्यकर्णात आहे की आतल्या नसेत हे वेगळं करता येतं.

रिपोर्टवर ‘टाइप बी’ लिहिलंय. म्हणजे काय?

आलेखाला टोकच नाही, तो सपाट आहे. नेहमीचा डोंगरासारखा आलेख म्हणजे ‘ए’. टोक ऋण दाबाकडे सरकलं तर ‘सी’, म्हणजे पडदा आत ओढला जातोय. ‘बी’ बहुतेकदा द्रावामुळे येतो, पण शेजारी लिहिलेला कानाच्या नळीच्या आकारमानाचा आकडाही बघावा लागतो. तो नेहमीपेक्षा खूप मोठा असेल तर पडद्याला भोक असू शकतं, खूप लहान असेल तर वाटेत मळ असू शकतो किंवा बूच कानाच्या भिंतीला टेकलेलं असू शकतं. एकट्या ‘बी’वरून घाबरू नका.

एक्स-रे, सीटी स्कॅन लागतो का?

साध्या द्रावासाठी नाही.

डॉक्टर म्हणतात तीन महिने थांबा. ते टाळताहेत का?

नाही. बहुतेक मुलांचा द्राव तीन महिन्यांत आपोआप जातो. विशेषतः संसर्गानंतर राहिलेला. म्हणून एरवी निरोगी असलेल्या, बोलणं नीट येत असलेल्या मुलात तीन महिने वाट बघणं हाच पहिला उपचार आहे. जगभरातल्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितलेलं आहे.

पण थांबणं आणि विसरणं यात फरक आहे. द्राव कोणत्या दिवशी दिसला ती तारीख लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनंतरची भेट त्याच दिवशी ठरवून टाका. द्राव टिकलेला असेल तर श्रवणचाचणी करून घ्या. मूल त्रासात नसलं तरी द्राव जाईपर्यंत दर तीन ते सहा महिन्यांनी कान दाखवावा लागतो. मला भीती वाटते ती या भेटी चुकण्याची. तीन महिन्यांचं वर्ष होतं, आणि ते वर्ष नेमकं भाषा शिकण्याचं असतं.

काही मुलांसाठी इतकं थांबू नये: आधीच बोलायला उशीर झालेला, नसेच्या दोषामुळे मुळातच कमी ऐकू येणारं, दृष्टिदोष किंवा स्वमग्नता असलेलं, डाउन सिंड्रोम किंवा दुभंगलेला टाळू असलेलं मूल. ऐकण्यातली थोडीशी घटही त्यांना जड जाते. त्यांच्याबाबत निर्णय लवकर घ्यायला हवा.

औषधाने द्राव सुकवता येत नाही का?

पालकांची खरी इच्छा असते की काहीतरी औषध द्यावं, आणि ती मला समजते. पण सर्दीच्या गोळ्या, नाक मोकळं करणारी औषधं, अ‍ॅलर्जीची सिरपं यांनी मध्यकर्णातला द्राव जात नाही हे वारंवार तपासून झालेलं आहे. झोप येणं, चिडचिड होणं हे दुष्परिणाम तेवढे होतात. अँटिबायोटिकचा फायदा झालाच तर थोडा आणि तात्पुरता, बदल्यात जुलाब, पुरळ आणि औषधाला न जुमानणारे जंतू. स्टेरॉइडबद्दल २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ३८९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच आठवड्यांनी स्टेरॉइडचं औषध घेतलेल्या सुमारे ४० टक्के मुलांचं ऐकणं समाधानकारक होतं, आणि नुसतं दिखाऊ औषध घेतलेल्या ३३ टक्के मुलांचंही. एवढ्या फरकासाठी ते देऊ नये, असंच आजचं मत आहे.

मुलाला खरोखर अ‍ॅलर्जीची सर्दी असेल, तर तिचा उपचार जरूर करा, पण नाकासाठी म्हणून.

कानात कोमट तेल घालू का?

नको. तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं, द्राव पलीकडे आहे. तेल जास्त गरम झालं तर कान भाजतो, पडद्याला भोक असेल तर ते आत जातं, आणि डॉक्टरांना पडदा दिसेनासा होतो. कानात मेणबत्तीची नळी लावून ‘पाणी ओढून काढणं’ तर सरळ धोक्याचं आहे.

नाकाने फुगा फुगवायचा उपाय खरा आहे का?

हो, आणि तो मला आवडतो, कारण वाट बघण्याच्या काळात काहीतरी करता येतं. खास नळी एका नाकपुडीला लावतात, दुसरी बोटाने बंद करतात आणि तोंड मिटून नाकाने फुगा फुगवतात. दाबामुळे युस्टेशियन नळी उघडते आणि हवा आत जाते. ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर याचा अभ्यास झाला. दिवसातून तीनदा फुगा फुगवणाऱ्यांपैकी ४७ टक्के मुलांचा निदान एक कान महिन्याभरात ठीक झाला. नुसती वाट बघणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३६ टक्के होतं. चमत्कार नाही, पण धोकाही जवळजवळ नाही. मूल चार-पाच वर्षांचं असावं, त्याला ते जमायला हवं आणि रोज नेमाने व्हायला हवं. सर्दीने नाक वाहत असेल किंवा कान दुखत असेल तेव्हा थांबवा.

तोपर्यंत घरी आणि शाळेत काय करावं?

बोलण्याआधी मुलाचं नाव घ्या, त्याने बघितल्यावरच बोला. जवळ जा, चेहऱ्यावर उजेड असू द्या. ओरडू नका, फक्त स्पष्ट आणि थोडं सावकाश बोला. बोलताना टीव्ही, मिक्सर, पंख्याचा मोठा आवाज बंद करा. रोज मांडीवर घेऊन पुस्तक वाचणं या काळात औषधापेक्षा मोठं आहे: तोंड कानाजवळ असतं, शब्द पुन्हा पुन्हा येतात. शाळेत पहिल्या बाकावर, चांगला कान शिक्षकांकडे येईल असं बसवायला सांगा. आणि ‘लक्ष देत नाही’ हा शेरा थांबवा. मुलाला तो आयुष्यभर पुरतो.

ऑपरेशनची वेळ कधी येते?

दोन्ही कानांत तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ द्राव आहे आणि चाचणीत ऐकणं कमी असल्याचं दिसतंय, तेव्हा ग्रोमेटचा विचार होतो. पडदा आत फार ओढला जाऊन त्याची झीज दिसत असेल, तर लवकर. द्राव आहे पण मूल उत्तम ऐकतंय, बोलतंय, शाळेत छान आहे, तर महिने उलटले तरी ऑपरेशनची घाई नको. श्रवणचाचणी न करताच कोणी ग्रोमेट सुचवलं, तर आधी चाचणी मागा.

ग्रोमेट म्हणजे पडद्यात बसवायची मण्याएवढी पोकळ नळी. भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पडद्याला बारीक छेद देतात, द्राव ओढून घेतात आणि नळी बसवतात. साधारण दहा-पंधरा मिनिटांचं काम. मूल बहुधा त्याच दिवशी घरी येतं. नुसता छेद दिला तर तो थोड्याच दिवसांत भरून येतो आणि पुन्हा द्राव साचतो. ही अडचण १९व्या शतकात व्हिएन्नाचे अ‍ॅडम पोलित्झर यांनाही भेडसावत होती. आजच्या पद्धतीची नळी १९५४ मध्ये अमेरिकी डॉक्टर आर्मस्ट्राँग यांनी मांडली. नळी युस्टेशियन नळीचं काम तात्पुरतं करते, बाहेरून हवा आत देते. सहा महिने ते दीड वर्षात पडदाच तिला बाहेर ढकलतो आणि भोक भरून येतं. शंभरातल्या एक-दोन मुलांचं ते भरत नाही, मग पुढे दुरुस्त करावं लागतं. पडद्यावर पांढरे डाग राहू शकतात, त्यांचा सहसा त्रास नसतो. काही मुलांना नळी पडल्यावर पुन्हा द्राव होतो आणि दुसऱ्यांदा नळी बसवावी लागते. हे आधीच माहीत असलं तर नंतर धक्का बसत नाही.

सोबत अ‍ॅडेनॉइड काढायलाच हवं का?

चार वर्षांच्या वर फायदा होतो. पुन्हा नळी बसवण्याची गरज कमी होते. चारच्या आत, नाक कायम चोंदलेलं नसेल तर फक्त कानासाठी काढत नाहीत. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांमध्ये ते काढल्यावर बोलणं नाकातून येऊ शकतं, त्यामुळे तिथे फार विचार करावा लागतो.

आम्हाला ऑपरेशन नकोच असेल तर?

श्रवणयंत्र हा चांगला आणि कमी वापरला जाणारा पर्याय आहे. द्राव तिथेच राहतो, पण शब्द मुलापर्यंत पोचतात, आणि आपल्याला हवंय ते हेच. अरुंद कान असलेल्या किंवा भुलीचा धोका असलेल्या मुलांसाठी तर तो पहिला पर्याय असू शकतो. द्राव गेला की यंत्र काढून ठेवायचं.

ग्रोमेट असताना पोहता येतं का? कान वाहिला तर?

पृष्ठभागावर पोहायला बहुतेक मुलांना हरकत नसते, कानात बोळे घालायलाच हवेत असंही नाही. खोल बुडी आणि साबणाचं पाणी टाळा. साबणामुळे पाणी नळीतून सहज आत जातं. कान वाहिला तर अँटिबायोटिकचे कानात घालायचे थेंब सहसा पुरतात, तोंडाने औषध लागत नाही. पण घरातले जुने थेंब घालू नका. काही थेंबांतली औषधं उघड्या मध्यकर्णात गेल्यास आतल्या नसेला इजा करू शकतात.

काहीच केलं नाही तर?

बहुतेकांचं काही बिघडत नाही. थोड्या मुलांचा पडदा पातळ होऊन आत चिकटतो, खळगा तयार होतो आणि त्यात त्वचेचा थर साचून कोलेस्टीटोमा होतो. तो हाडं पोखरतो आणि शस्त्रक्रियेशिवाय जात नाही. दर काही महिन्यांनी कान बघायचा तो यासाठीही.

मोठ्या माणसाच्या कानात द्राव झाला तर?

सर्दीनंतर, विमानप्रवासानंतर किंवा पाण्यात खोल बुडी मारल्यावर काही आठवडे कान दडा बसल्यासारखा राहतो आणि मोकळा होतो. पण एकाच कानात, कारण नसताना द्राव टिकून असेल, तर नाकाच्या मागच्या भागाची दुर्बिणीने तपासणी झालीच पाहिजे. तिथली गाठ, क्वचित कर्करोगाचीही, युस्टेशियन नळीचं तोंड दाबू शकते. ही तपासणी पुढे ढकलू नका. डोक्याला मार लागल्यानंतर कानात द्राव दिसला किंवा नाकातून पाणी गळू लागलं, तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. लगेच रुग्णालयात जा.

आणखी एक. एका कानाने अचानक, तासाभरात किंवा दिवसभरात ऐकू येईनासं झालं, तर ‘सर्दीने दडा बसला असेल’ म्हणून थांबू नका. ओठ मिटून ‘ममम’ असा आवाज काढा. तो बंद कानात मोठा वाटला तर अडथळा बहुधा मध्यकर्णात किंवा बाहेर आहे. चांगल्या कानात मोठा वाटला तर आतली नस दुखावलेली असू शकते, आणि तिचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तरच जास्त उपयोगी पडतो. अंदाजावर विसंबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा.

ग्रोमेट बसवल्यापासून मूल आवाजाला दचकतं. काही बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. कित्येक महिने दबलेल्या आवाजात राहिलेल्या मुलाला नळाची धार, भांड्यांचा खणखणाट, शिट्टी, सगळंच एकदम मोठं वाटतं. काही मुलं कानावर हात ठेवतात, काही जण स्वतःचाच आवाज ऐकून हळू बोलू लागतात. काही दिवसांत ते सवयीचं होतं. तोवर घर जरा शांत ठेवा, आणि ऑपरेशननंतरची श्रवणचाचणी चुकवू नका.